विशेषज्ञ परिचारिका: पदविका हातात आहे, पद कुठे आहे?

रात्रपाळी | सोमवार, रात्री 11:40

सर्वांना नमस्कार. कोल्हापुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी 17 वर्षे अधिपरिचारिका म्हणून काम करते आहे आणि त्यांतली 11 वर्षे अतिदक्षता विभागात गेली. तीन वर्षांपूर्वी बिनपगारी रजा घेऊन आणि पदरचे पैसे भरून मी क्रिटिकल केअर नर्सिंगची एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविका घेतली. परत रुजू झाले आणि तिसऱ्याच महिन्यात माझी नेमणूक डोळ्यांच्या बाह्यरुग्ण विभागात झाली. कार्यालयात चौकशी केली तेव्हा समजले, की विभाग बदलण्याची यादी दरवर्षी निघते आणि तिच्यात पदविकेसाठी रकानाच नाही. डोळ्यांच्या विभागाला मी कमी लेखत नाही, तिथेही मनापासून काम केले. पण त्या वर्षभरात अतिदक्षता विभागात माझ्या जागी आलेली मुलगी नुकतीच उत्तीर्ण झालेली होती आणि तिला व्हेंटिलेटरची भीती वाटत होती.

अनुभवाने काय येते, याचे एकच उदाहरण देते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या तोंडातल्या नळीवर सेंटिमीटरच्या खुणा असतात. पाळी ताब्यात घेताना ओठापाशी 22 ची खूण होती आणि पहाटे कूस बदलल्यानंतर तिथे 19 दिसू लागली, तर मॉनिटरवरचे आकडे अजून उत्तम असले तरी नळी बाहेर सरकली आहे, हे ओळखून लगेच डॉक्टरांना उठवावे लागते. ऑक्सिजन उतरल्यावर वाजणारा अलार्म दारातल्या नातेवाइकालाही ऐकू येतो. खूण बघण्याची सवय मात्र कोणीतरी वर्षानुवर्षे त्याच खाटेशी उभे राहिल्याशिवाय लागत नाही.

माझा प्रश्न पगाराचा नाही, म्हणजे तोही आहेच, पण आज तो बाजूला ठेवते. परदेशात विशेषज्ञ आणि प्रगत परिचारिकांची वेगळी पदे आहेत असे आपण ऐकतो, आपल्याकडेही अभ्यासक्रम निघाले आहेत. मग शिकून आलेल्या परिचारिकेला त्याच विभागात ठेवण्याची आणि तिला काही निर्णय लेखी स्वरूपात सोपवण्याची व्यवस्था का होत नाही? या क्षेत्रातल्या जाणकारांनी कृपया लिहावे.


शिकवणी | मंगळवार, सकाळी 7:15

ताई, मी परिचर्या महाविद्यालयात शिकवते. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या भूमिका एकत्र आल्या आहेत, त्या आधी सुट्या करू. विशेषज्ञ परिचारिका म्हणजे एका क्षेत्रात खोलवर गेलेली परिचारिका, उदाहरणार्थ नवजात शिशू, कर्करोग, डायलिसिस किंवा मनोविकार. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे रुग्ण तपासून निदानापर्यंत पोहोचणारी, चाचण्या सांगणारी आणि कायद्याने परवानगी असेल तिथे औषध लिहून देणारी परिचारिका. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने 2002 मध्ये या प्रगत भूमिकेची व्याख्या केली आणि 2020 च्या मार्गदर्शिकेत क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट व नर्स प्रॅक्टिशनर यांच्यातला फरक स्पष्ट केला. तुम्हाला मिळालेली पदविका पहिल्या प्रकारातली आहे, आणि तुम्ही मागता आहात त्यातला काही भाग दुसऱ्या प्रकारातला आहे.

या दुसऱ्या भूमिकेचा उगम अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात आहे. 1965 मध्ये लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने तिथे पहिला अभ्यासक्रम सुरू केला. ग्रामीण भागात मुलांना डॉक्टर मिळत नव्हते, ही त्यामागची निकड होती. आज तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय काम करू शकतात, मात्र त्यासाठी किमान पदव्युत्तर शिक्षण लागते.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आखला, तो दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे आणि त्यातला फार मोठा वाटा रुग्णाच्या खाटेशी शिकण्याचा आहे. बीएस्सी नर्सिंगनंतर अनुभव असल्याशिवाय प्रवेश मिळत नाही. प्रसूतिसेवेसाठी केंद्र सरकारने डिसेंबर 2018 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 18 महिन्यांच्या प्रशिक्षणातून नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ तयार करण्याचे ठरवले. तेलंगणाने तर त्याच्याही आधी, 2017 मध्ये, करीमनगरला अशा सुईण-परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू केले होते. 1947 च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिसेवा आयोगाचा कायदा 2023 मध्ये संमत झाला आहे. थोडक्यात, शिक्षणाची बाजू बरीच पुढे गेली आहे. आमच्याकडून पदव्युत्तर होऊन बाहेर पडणाऱ्या मुली पुढे काय करतात, तर बहुतेक जणी शिक्षिका होतात, कारण पदव्युत्तर पदवीला मान देणारी जागा वॉर्डात नाही, महाविद्यालयात आहे. मीही त्यांतलीच एक आहे, हे कबूल करते.


भूलवाला | मंगळवार, दुपारी 2:30

मी भूलतज्ज्ञ आहे आणि रात्रपाळी सिस्टरांनी सांगितलेल्या नळीच्या खुणेमुळे माझे रुग्ण वाचलेले आहेत, त्यामुळे माझे म्हणणे विरोधासाठी विरोध म्हणून घेऊ नये. आमच्या शास्त्राचा इतिहासही परिचारिकांशी जोडलेला आहे. अमेरिकेत मेयो बंधूंच्या रुग्णालयात ॲलिस मॅगॉ ही परिचारिका ईथर आणि क्लोरोफॉर्मची भूल देत असे आणि तिने 1906 मध्ये 14,000 हून अधिक रुग्णांचा लेखाजोखा प्रसिद्ध केला होता. कौशल्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शंका दोन ठिकाणी आहे. पहिली जबाबदारीची. आपल्याकडे 1945 च्या औषध नियमांनुसार चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या सहीनेच मिळते. परिचारिकेने निर्णय घेतला आणि तो चुकला, तर ग्राहक न्यायालयात उभे कोणी राहायचे? आज उत्तर सरळ आहे, ज्या डॉक्टराच्या नावाने रुग्ण दाखल आहे त्याने. अधिकार एकाचा आणि जबाबदारी दुसऱ्याची, अशी वाटणी कोणालाच मान्य होणार नाही.

दुसरी शंका अधिक व्यवहारातली आहे. खासगी रुग्णालयांचे मालक प्रगत परिचारिकेकडे कौशल्य म्हणून पाहतील, की रात्रीच्या निवासी डॉक्टराचा स्वस्त पर्याय म्हणून? 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या 32 व्या कलमात मर्यादित परवान्याच्या सामुदायिक आरोग्यसेवकांची तरतूद आली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनांनी देशभर आंदोलन केले होते. त्या आंदोलनात स्वार्थ अजिबात नव्हता असे मी म्हणणार नाही, पण भीती निराधारही नव्हती.

मधला मार्ग आहे आणि तो आजच्या कायद्यात बसतो. विभागप्रमुखांच्या सहीने आधीच लिहून ठेवलेले स्थायी आदेश असले, की पोटॅशियम 3.5 च्या खाली आले तर किती द्यायचे, किती वेगाने द्यायचे आणि पुन्हा रक्त कधी पाठवायचे, हे परिचारिका प्रत्येक वेळी फोन न करता ठरवू शकते. क्रिटिकल केअरच्या नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रमातही असेच, संस्थेच्या लेखी कार्यपद्धतीच्या चौकटीत काम करणे अपेक्षित आहे.


लीड्सकर | मंगळवार, रात्री 10:05

मी मूळची इचलकरंजीची, सध्या इंग्लंडमध्ये हार्ट फेल्युअर विशेषज्ञ परिचारिका आहे. इथले माझे काम कसे चालते ते सांगते, म्हणजे चर्चेला आधार मिळेल. माझ्या यादीतले रुग्ण रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर आणि न्याहारीच्या आधी वजन करतात. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले की मला फोन करतात, कारण ते वजन खाण्याचे नसते, साठलेल्या पाण्याचे असते. मी पायांची सूज, उशा किती लागतात आणि रात्री दम लागून जाग येते का, हे विचारते, लघवीवाटे पाणी काढणाऱ्या फ्युरोसेमाइडची मात्रा वाढवते आणि आठवड्याभरात मूत्रपिंडाची व क्षारांची तपासणी स्वतःच्या सहीने सांगते. यातले बहुतेक रुग्ण त्यामुळे दाखल होण्याआधीच सावरतात. जिथे मला पटत नाही तिथे मी हृदयरोगतज्ज्ञांना फोन करते, आणि तो फोन केव्हा करायचा हे कळणे माझ्या प्रशिक्षणातला सर्वांत अवघड भाग होता.

भूलवाला डॉक्टरांच्या पहिल्या शंकेचे उत्तर इथे असे दिले गेले. औषध लिहिण्याचा अधिकार अनुभवाने आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळा अभ्यासक्रम, एका अनुभवी चिकित्सकाच्या हाताखाली ठरावीक तास आणि परीक्षा असते, नंतर परिचारिकांच्या नोंदवहीत माझ्या नावापुढे तशी नोंद होते. 2006 पासून अशा परिचारिका आपापल्या क्षमतेच्या कक्षेत जवळजवळ सर्व औषधे लिहू शकतात. चूक झाली तर माझी नोंदणी जाते, डॉक्टरांची नाही.

सगळे आलबेल आहे असे मात्र समजू नका. प्रगत परिचारिका हे नाव इथे कायद्याने राखीव नाही, त्यामुळे एका रुग्णालयातली प्रगत परिचारिका दुसरीकडे साधी विशेषज्ञ ठरते. इंग्लंडने 2017 मध्ये रुग्णसेवा, नेतृत्व, शिक्षण आणि संशोधन अशा चार खांबांची चौकट आखली, पण कर्मचारी कमी असले की पहिला खांब उरतो आणि बाकीचे तीन कागदावर राहतात.


कागलकर | बुधवार, सकाळी 9:20

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, शेती करतो. तरीही लिहितो, कारण विशेषज्ञ परिचारिका म्हणजे काय हे मला आईच्या आजारपणात कळले.

आईच्या गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया एका रुग्णालयात झाली आणि पोटावर शौचाचा मार्ग काढून पिशवी लावावी लागली. शस्त्रक्रिया चांगली झाली होती. परंतु तो मार्ग नेमका परकराच्या नाडीच्या रेषेत आला. आई नऊवारी सोडून पाचवारी नेसू लागली, तरी नाडी बांधली की पिशवीची कड सुटायची आणि वाकून भाकरी थापताना गळायची. चार महिने तिने लग्नाकार्याला जाणे बंद केले, एसटीत बसणे बंद केले. आम्ही पिशवीच्या कंपन्या बदलत राहिलो.

पुढच्या उपचारासाठी मुंबईला गेलो, तेव्हा तिथल्या स्टोमा क्लिनिकमधल्या सिस्टरांनी पंधरा मिनिटांत आईला बसवून, उभे करून आणि वाकायला लावून सगळे पाहिले. त्यांनी सांगितले, की ही जागा शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णाला त्याच्या नेहमीच्या कपड्यांत उठबस करायला लावून, पोटाच्या वळ्या आणि नाडीची जागा टाळून, शाईने आखून ठेवायची असते. आता जागा बदलता येणार नव्हती, पण त्यांनी मार्गाचे माप घेऊन पिशवीच्या, त्वचेला चिकटणाऱ्या तबकडीचे भोक त्याहून दोन-तीन मिलिमीटरच मोठे कापायला शिकवले, त्वचा फक्त पाण्याने धुवायला सांगितली, एकतृतीयांश भरली की पिशवी रिकामी करायची सवय लावली आणि नाडी वर घेऊन बांधायला शिकवली. आई आता शेजारच्या गावच्या जत्रेलाही जाऊन आली.

माझा साधा प्रश्न आहे. आदल्या दिवशी शाईची खूण करायला किती खर्च येतो?


शिकवणी | बुधवार, सकाळी 11:00

कागलकर दादा, खर्च शाईचाच येतो, पण खूण कुठे करायची हे कळणारी व्यक्ती त्या दिवशी कामावर असावी लागते. या शाखेची सुरुवातही एका रुग्णानेच केली, हे तुम्हाला सांगावेसे वाटते. अमेरिकेतल्या नॉर्मा गिल यांच्या स्वतःच्या पोटावर असा मार्ग होता, आणि 1958 मध्ये त्यांचे शल्यविशारद रूपर्ट टर्नबुल यांनी त्यांना क्लीव्हलँडच्या रुग्णालयात इतर रुग्णांना शिकवण्यासाठी नेमले. नंतर त्यातूनच परिचारिकांसाठी प्रशिक्षण उभे राहिले.


घाटमाथा | बुधवार, संध्याकाळी 6:45

मी बीएस्सी नर्सिंग केलेली समुदाय आरोग्य अधिकारी आहे, गगनबावड्याच्या बाजूला उपकेंद्रात असते. आपल्या राज्यात या पदावर आयुर्वेदाचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत, आम्ही परिचारिका त्यामानाने थोड्या. सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा अभ्यासक्रम करून मी इथे आले.

धागा वाचताना मला एक विचित्र गोष्ट जाणवली. तिशीपुढच्या लोकांचा रक्तदाब आणि साखर तपासणे, डॉक्टरांनी एकदा सुरू केलेल्या गोळ्या दर महिन्याला देणे, गरज पडली तर दूरसंवादाने डॉक्टरांशी रुग्णाची गाठ घालून देणे, हे सगळे मी करते आणि यातले मला काय करता येते ते लेखी आहे. माझ्या उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेलाही तसेच आहे. 2014 मध्ये केंद्राच्या सूचना आल्या, तेव्हापासून 24 ते 34 आठवड्यांत कळा सुरू झालेल्या बाईला पुढे पाठवण्याआधी डेक्सामेथासोनचे 6 मिलिग्रॅमचे पहिले इंजेक्शन ती देऊ शकते, म्हणजे बाळाच्या फुप्फुसांना वेळ मिळतो. पावसाळ्यात घाटात दरड आली की त्या एका इंजेक्शनचे मोल आम्हाला कळते. म्हणजे आरोग्य सेविकेकडे काही निर्णयांचा लेखी अधिकार आहे, आणि 17 वर्षे काम केलेल्या रात्रपाळीताईंकडे तो नाही. त्यांना येते माझ्यापेक्षा कितीतरी जास्त, पण माझे पद कागदावर आखलेले आहे आणि त्यांचे नाही.

माझे पद कंत्राटी आहे, हेही लिहून ठेवते. मानधनाचा एक भाग कामाच्या आकड्यांवर अवलंबून असतो आणि ते आकडे भरण्यात दुपार जाते.


जुनी_परिसेविका | गुरुवार, सकाळी 8:30

सर्वांचे वाचले. मी निवृत्तीला आले आहे आणि विभाग बदलण्याच्या याद्या मी स्वतः केलेल्या आहेत, तेव्हा थोडे कटू लिहिते.

यादी दुष्टपणाने निघत नाही. ती नसती तर काही ठरावीक मंडळी वर्षानुवर्षे हलक्या विभागांत बसली असती आणि काही जणी जन्मभर जळीत वॉर्डात राहिल्या असत्या. शिवाय रात्री अचानक कोणी आजारी पडले, की कुठल्याही वॉर्डात उभी राहू शकेल अशी परिचारिका लागते. विशेषज्ञ म्हणून दहा जणींना एका जागी बांधून ठेवले तर उरलेल्या ओझ्याखाली बाकीच्या वाकतील. अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असावी असा निकष आहे, आणि सर्वसाधारण वॉर्डात रात्री मी दोघींच्या जिवावर चाळीस रुग्ण काढलेले आहेत. युरोपातल्या नऊ देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण 10 टक्क्यांनी वाढले की ती 7 टक्क्यांनी घटलेली दिसली. आपण सगळे दुसऱ्या आकड्याबद्दल बोलतो आहोत. पहिल्या आकड्याचे काय?

माझी आणखी एक खंत आहे. चांगली मुलगी पुढे शिकली की रुग्णाच्या खाटेपासून दूर जाते. शिक्षिका होते, कार्यालयात जाते, नाहीतर विमानात बसते. लीड्सकर, तुझ्यावर राग नाही गं बाळ, पण तू इचलकरंजीत असतीस तर किती जणांचे वजन बघितले असतेस.


लीड्सकर | गुरुवार, दुपारी 3:10

मॅडम, इचलकरंजीत मला कोणी वजन बघायला नेमले असते का? मी निघाले तेव्हा बाळंतपणाच्या वॉर्डात होते.


रात्रपाळी | गुरुवार, रात्री 11:55

सर्वांचे आभार. आज पाळी सुरू होण्याआधी सगळे पुन्हा वाचले.

परिसेविका मॅडम, तुमची बाजू मला याआधी इतकी स्पष्ट दिसली नव्हती. यादीच नको हा माझा हट्ट मी सोडते. पण विभागांचे गट करता येतील. अतिदक्षता, हृदयविकार, अपघात आणि डायलिसिस हा एक गट, नवजात शिशू, बालरोग आणि प्रसूती हा दुसरा. पदविका घेतलेल्या परिचारिकेला निदान तीन वर्षे तिच्या गटातच फिरवायचे. त्यामुळे कोणी एका खुर्चीला चिकटणार नाही, आणि शिकलेले वायाही जाणार नाही. त्यासाठी सरकारने नवे पद निर्माण करण्याची वाट पाहावी लागत नाही, यादीत एक रकाना वाढवावा लागतो. पहिल्या आकड्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. भरती व्हायला हवी, आणि ती आपल्या हातात नाही.

घाटमाथाताईंनी लिहिलेले मला दिवसभर टोचत राहिले. फोन करून डॉक्टरांना उठवायचे, त्यांनी झोपेत हो म्हणायचे आणि सकाळी सही करायची, असे आम्ही कितीतरी निर्णय घेतो. निर्णय आमचाच असतो, फक्त तो कुठे लिहिलेला नसतो. भूलवाला डॉक्टर, स्थायी आदेशांचा मसुदा मी लिहिला तर आपण तो तपासून द्याल का? तो अर्जासोबत अधिसेविकांकडे द्यावा असा विचार आहे.


भूलवाला | शुक्रवार, सकाळी 6:50

जरूर. एक सूचना करतो, सुरुवात औषधापासून करू नका, तिथे पहिल्याच बैठकीत वाद होईल. नळीच्या कफमधल्या, म्हणजे तिच्या टोकाजवळच्या फुग्यातल्या, हवेच्या दाबापासून करा. दर पाळीला दाब मोजायचा, तो पाण्याच्या 20 ते 30 सेंटिमीटरमध्ये ठेवायचा, कमी असेल तर परिचारिकेने स्वतः हवा भरायची आणि नोंद करायची. 20 च्या खाली गेला तर लाळ छातीत उतरते, 30 च्या वर गेला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो, हे कारण मसुद्यातच लिहा. सोबत खाटेचे डोके 30 अंश वर ठेवण्याची जबाबदारीही परिचारिकेची, असे घाला. तीन महिन्यांच्या नोंदी जमल्या, की पोटॅशियमचा आदेश मी स्वतः मांडतो.


रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी 8:20

मसुदा रविवारपर्यंत पाठवते. एक अडचण आत्ताच सांगून ठेवते. दाब मोजायचे मापक विभागात एकच आहे, ते कपाटात असते, आणि कपाटाची किल्ली सकाळी दहा ते संध्याकाळी पाच भांडारपालांकडे असते. त्यामुळे पहिला अर्ज किल्लीचा करावा लागेल.